जोडीदाराचा वाढदिवस फाइन डायनिंगमध्ये: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे सगळे प्रश्न लोकांनी खरंच पाठवलेले आहेत, आणि वाढदिवस चार दिवसांवर आला की ते हमखास येतात. बहुतेक मुंबई-पुण्याकडचे असल्यामुळे उत्तरंही तिकडचीच आहेत, गोव्यात किंवा परदेशात जिथे वेगळं आहे तिथे तसं लिहिलंय. माझं म्हणणं तुम्हाला प्रत्येक उत्तरात थोडंफार दिसेलच: टेबल बुक करताना आपली हौस बाजूला ठेवा, ज्याचा वाढदिवस आहे त्याला काय आवडतं ते आधी बघा, आणि मग रेस्टॉरंटला नीट फोन करा. अर्ध्याहून जास्त प्रश्न त्या एका फोनवर सुटतात.

१. फाइन डायनिंग म्हणजे नेमकं काय? आमच्या इथलं चांगलं एसी फॅमिली रेस्टॉरंट चालणार नाही का?

वाढदिवसाला चालेलच की, फक्त अनुभव वेगळा असतो. फाइन डायनिंगमध्ये जेवण एकेक कोर्स (म्हणजे एकेक टप्पा) करून येतं, प्रत्येक पदार्थ आणणारा माणूस तो काय आहे ते सांगतो, मेन्यू छोटा असतो आणि मोसमाप्रमाणे बदलतो, आणि दोन-अडीच तास आरामात बसणं अपेक्षितच असतं. उदाहरणं द्यायची तर मुंबईत कुलाब्याच्या ताजमधलं वसाबी बाय मोरिमोटो, २०११ पासून चालू असलेलं द टेबल, महालक्ष्मीला गिरणीच्या जुन्या आवारात २०१६ ला सुरू झालेलं मास्क, पुण्यात सेनापती बापट रोडच्या जेडब्ल्यू मॅरियटचं पाशा. यातही फरक आहेत, मास्कला टेस्टिंग मेन्यू असतो म्हणजे स्वयंपाकघर ठरवेल ते एकामागून एक दहाएक पदार्थ, आणि बाकी ठिकाणी मेन्यूतून हवं ते मागवता येतं ज्याला आ ला कार्ट म्हणतात. जोडीदाराला नवीन चवी करून बघायला आवडतात की ठरलेलं आवडीचं खायला आवडतं, यावर या दोनपैकी काय घ्यायचं ते ठरवा, रील बघून ठरवू नका.

मिशेलिन स्टारबद्दलही खूप जण विचारतात. मिशेलिन गाइड म्हणजे रेस्टॉरंटना एक ते तीन स्टार देणारं नावाजलेलं फ्रेंच गाइड, ते भारतातल्या रेस्टॉरंटना स्टार देत नाही. इथल्या जाहिरातीत तो शब्द दिसला तर बहुतेक वेळा शेफला परदेशातल्या कामासाठी स्टार मिळालेला असतो, जसा विनीत भाटियांना २००१ मध्ये लंडनमध्ये मिळाला.

२. किती दिवस आधी बुकिंग करायचं?

सोमवार ते गुरुवार असेल तर आठवडाभर आधी सांगितलं तरी बहुतेक ठिकाणी टेबल मिळतं. शुक्रवार-शनिवारला दोन-तीन आठवडे धरा, आणि फक्त टेस्टिंग मेन्यू देणाऱ्या छोट्या जागांना त्याहून आधी, कारण टेबलंच मोजकी असतात. वाढदिवस १४ फेब्रुवारीला किंवा २४ ते ३१ डिसेंबरमध्ये येत असेल तर आधीच विचारा की नेहमीचा मेन्यू असणार का, त्या दिवसांत बऱ्याच ठिकाणी जास्त किमतीचा ठरलेला मेन्यूच ठेवतात आणि पैसे आगाऊ घेतात.

अजून एक गोष्ट जी लोक विचारायला विसरतात. गर्दीच्या दिवशी संध्याकाळचे दोन स्लॉट (बसायच्या ठरलेल्या वेळा) असतात, साधारण सात-साडेसातचा आणि साडेनऊच्या पुढचा. पहिला घेतलात तर साडेनऊला टेबल सोडावं लागतं, मग केक, गप्पा, फोटो सगळं घाईत होतं. तुम्हाला निवांत बसायचं असेल तर दुसरा घ्या नाहीतर सरळ मधल्या वारी जा. आगाऊ पैसे भरले असतील तर कधीपर्यंत रद्द केलं तर परत मिळतात हे मेसेजवर लिहून घ्या, नुसतं तोंडी नको.

३. ॲपवरून बुक केलं तर डिस्काउंट मिळतो, मग फोन कशाला करायचा?

दोन्ही करा ना. टेबल ॲपवरून घ्या, वाढदिवसाचं फोनवर सांगा. ॲपमध्ये ती 'स्पेशल रिक्वेस्ट'ची चौकट असते तिच्यात लिहिलेलं स्वयंपाकघरापर्यंत पोचेलच असं नाही. फोन दुपारी तीन ते सहाच्या मध्ये करा, तेव्हा दुपारचं जेवण उरकलेलं असतं आणि रात्रीची गडबड सुरू झालेली नसते, समोरचा माणूस शांतपणे ऐकून लिहून घेतो. वाढदिवस कोणाचा आणि नाव काय, काय खात नाही, ॲलर्जी काय, केक कुठला, कुठे बसायचंय, गाणं हवं की नको, एवढं सांगितलं की झालं. ज्याच्याशी बोललात त्याचं नाव लिहून ठेवा आणि त्या दिवशी सकाळी परत एकदा खात्री करा. ॲपची ऑफर सेट मेन्यूवर आणि दारूवर चालते का हेही याच फोनवर विचारून घ्या, बऱ्याचदा चालत नाही आणि ते बिल आल्यावर कळतं.

४. दोघांचा खर्च किती धरायचा? मेन्यूतली किंमत आणि बिल यात एवढा फरक का येतो?

मेन्यूतल्या किमतीवर टॅक्स वेगळा असतो म्हणून. समजा दोघांचं जेवण ७,००० आणि दोन कॉकटेल मिळून २,००० झाली. स्वतंत्र रेस्टॉरंट असेल तर जेवणावर ५ टक्के जीएसटी म्हणजे ३५०. दारूवर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट असतो, महाराष्ट्रात परमिट रूममध्ये तो नोव्हेंबर २०२३ पासून १० टक्के आहे, म्हणजे २०० रुपये. एकूण ९,५५०. आता हेच जेवण ज्या हॉटेलातल्या खोलीचं दिवसाचं भाडं ७,५०० च्या वर जातं अशा स्टार हॉटेलात घेतलं तर जेवणावर १८ टक्के लागतो, म्हणजे ३५० च्या जागी १,२६०. मोठ्या हॉटेलात दारूवरचा व्हॅटही जास्त असतो. त्यामुळे बजेट ठरवताना स्टार हॉटेलला मेन्यूच्या किमतीवर पाव भाग वर धरून चला. सर्व्हिस चार्जचं खाली पाचव्या प्रश्नात आहे, पाण्याचं चौदाव्या.

५. बिलात १० टक्के सर्व्हिस चार्ज लावलाय, द्यावाच लागतो का?

नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये नियम काढले की रेस्टॉरंटने सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात घालू नये, दुसऱ्या नावाने पण वसूल करू नये. मालकांच्या संघटना दिल्ली हायकोर्टात गेल्या, तिथे त्या नियमांना स्थगिती मिळाली, म्हणून मधली काही वर्षं गोंधळच होता आणि लोकांना वाटत राहिलं की द्यावाच लागतो. मग २८ मार्च २०२५ ला त्याच कोर्टाने नियम कायम ठेवले. त्यामुळे तो तुमच्या मर्जीवर आहे, काढून द्या म्हटलं की काढायला हवा. नाहीच काढला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

पण हा वाद वाढदिवसाच्या टेबलावर जोडीदारासमोर घालायचा का, तर नको. बुकिंगच्या फोनवरच विचारा लावता का म्हणून, आणि नको असेल तर तेव्हाच सांगा. नाहीतर वॉशरूमला जाता जाता मॅनेजरला बोला आणि बिल तिथेच बघून घ्या.

६. मग टिप किती ठेवायची?

सर्व्हिस चार्ज दिला असेल तर वेगळी टिप द्यायची गरज नाही. नसेल दिला आणि सर्व्हिस आवडली असेल तर जेवणाच्या रकमेच्या ५ ते १० टक्के लोक ठेवतात. तुमच्या सरप्राइजसाठी कोणी खास धावपळ केली असेल तर त्याच्या हातात रोख द्या आणि नाव घेऊन थँक्यू म्हणा, मॅनेजरसमोर म्हणालात तर अजून चांगलं.

७. केक आपण न्यायचा की तिथलाच घ्यायचा?

तीन पर्याय असतात. एक, फुकट मिळणारं छोटं डेझर्ट, प्लेटवर चॉकलेटने नाव लिहून आणि एक मेणबत्ती लावून, हे बहुतेक ठिकाणी आधी सांगितलं की करतात. दोन, त्यांच्या पेस्ट्री शेफकडून केक करून घेणं, याला साधारण दोन दिवस आधी सांगावं लागतं आणि एगलेस हवा असेल तर तेव्हाच सांगायचं, ऐन वेळी होत नाही. तीन, बाहेरचा केक नेणं. काही ठिकाणी परवानगीच नसते, काही ठिकाणी प्लेट लावायचे आणि कापून द्यायचे पैसे घेतात, आणि ते माणशी की केकमागे हे विचारलं पाहिजे. न्यायचाच असेल तर अर्धा किलोच्या वर नको, सात-आठ पदार्थ खाऊन झाल्यावर दोन माणसं एक किलो केकचं काय करणार, तो मग डब्यात भरून घरी येतो.

कारंजं उडणाऱ्या मेणबत्त्या, पार्टी पॉपर, चमकी हे सगळं घरी ठेवा. छताला धुराचे सेन्सर असतात, आणि शेजारच्या टेबलावरची माणसंही पैसे मोजून शांत जेवायला आलेली असतात.

प्लेटवर मराठीत लिहून हवं असेल तर मिळतं. फक्त मजकूर देवनागरीत टाइप करून त्यांच्या व्हॉट्सॲपला पाठवा आणि छोटा ठेवा. फोनवर सांगितलेलं नाव भलतंच लिहिलं जाण्याची शक्यता जास्त असते.

८. तिला सरप्राइज द्यायचंय, पण सगळ्यांनी तिच्याकडे बघणं, टाळ्या, गाणं हे तिला अजिबात आवडत नाही. काय करू?

मग गाणं नको हे फोनवर स्पष्ट सांगा, दोनदा सांगा. नाहीतर स्टाफला वाटतं वाढदिवस म्हटल्यावर चार जणांनी टाळ्या वाजवत यायचंच. मला विचाराल तर सरप्राइजमध्ये मोठेपणा नसतो, नेमकेपणा असतो, आणि तो तुम्हीच देऊ शकता, रेस्टॉरंट नाही. तिला खिडकीजवळ बसायला आवडतं तर ते टेबल मागा. आंबा आवडतो आणि मे महिना आहे तर विचारा की शेवटी आंब्याचं काही करता येईल का. बऱ्याच ठिकाणी मेन्यूकार्डावर वर नाव छापून देतात, ती साधी छापील शीट असते, त्यांना फार त्रास नसतो, पण बसल्या बसल्या आपलं नाव वाचलं की चेहरा बघण्यासारखा होतो. चिठ्ठी लिहिली असेल तर आधी जाऊन देऊन ठेवा आणि कुठल्या कोर्सनंतर आणायची ते सांगा, शेवटच्या ऐवजी मधल्या कोर्सला आली तर जास्त मजा येते कारण तेव्हा कोणी अपेक्षा करत नाही.

आणि कुठे चाललोय हे लपवलं तरी कसे कपडे घालायचेत ते लपवू नका (प्रश्न १२ बघा). ऑफिसमधून थेट, घामेजलेल्या अवस्थेत झगमगीत ठिकाणी नेऊन बसवणं हे कोणालाही नको असतं.

९. आमच्याकडे औक्षण केल्याशिवाय वाढदिवस होत नाही. रेस्टॉरंटमध्ये करता येईल का?

घरूनच करून निघा, हे माझं ठाम मत आहे. तबकात निरांजन, सुपारी, सोन्याची अंगठी, हळदकुंकू, अक्षता, हे सगळं पर्समधून नेऊन काचेच्या ग्लासांमध्ये मांडायचं म्हणजे त्याची शान जाते, आणि उघडी ज्योत घेऊन ओवाळायला बहुतेक ठिकाणी नाहीच म्हणतात. घरी आईने किंवा सासूबाईंनी ओवाळलं, हातावर साखर ठेवली, पाया पडून झालं की निघायचं, म्हणजे घरच्यांनाही वाटत नाही की आपल्याला वगळून दोघंच गेले. खरंतर दोघांनीच बाहेर जाण्यावरून घरात जी थोडी नाराजी होते ना, ती या पाच मिनिटांत बरीच कमी होते. दोघंच राहत असाल तर एकमेकांना ओवाळा, त्याला काही कोणाची परवानगी लागत नाही.

वाढदिवसाला ज्योत फुंकून विझवणं काही घरांत अशुभ मानतात. तसं असेल तर फोनवर मेणबत्ती नको एवढं सांगा, नाव लिहिलेली प्लेट तशीच येते.

१०. वाढदिवस नेमका संकष्टीला, श्रावणात, मार्गशीर्षातल्या गुरुवारी आलाय. पुढे ढकलायचा का?

हे जोडीदाराच्या पाळण्यावर आहे, तुमच्या नाही. संकष्टीचा उपास चंद्रोदयानंतर सुटतो आणि चंद्रोदय महिन्याप्रमाणे साधारण आठ ते साडेदहाच्या मधे असतो, कॅलेंडरमध्ये आपल्या गावाची वेळ बघा. घरी नैवेद्य दाखवून उपास सोडून मग साडेनऊचं टेबल जमू शकतं, पण दिवसभर रिकाम्या पोटी राहून रात्री अकरापर्यंत दहा कोर्स हे सगळ्यांना झेपत नाही, अशा दिवशी आ ला कार्ट घ्या. एकादशी असेल तर मात्र दुसऱ्या दिवशीच जा, उपास दुसऱ्या दिवशी सकाळी सुटतो. आषाढी एकादशीला तर महाराष्ट्रात ड्राय डे पण असतो.

मार्गशीर्षातल्या गुरुवारी घरात घट मांडलेला असेल तर संध्याकाळची पूजा-नैवेद्य झाल्याशिवाय निघता येत नाही, आणि नॉनव्हेज नको. श्रावणात पूर्ण शाकाहारी टेस्टिंग मेन्यू घेता येतो, पण कांदा-लसूण पण नको असेल तर प्रश्न ११ वाचा. आणि ज्यांच्या घरी तिथीने वाढदिवस करतात त्यांचं सोपं आहे, तिथीला घरी गोडाचं आणि औक्षण, तारखेला बाहेर.

११. मी मासे-मटण खाते, तो शुद्ध शाकाहारी आहे (किंवा जैन आहे). एकाच टेबलवर जमतं का?

जमतं. बहुतेक टेस्टिंग मेन्यू शाकाहारी आणि मांसाहारी असे दोन वेगळे असतात आणि एकेकाने वेगळा घेतला तरी चालतो. अडचण वेगळीच येते, एकाला टेस्टिंग मेन्यू आणि दुसऱ्याला आ ला कार्ट असं बरीच रेस्टॉरंट देत नाहीत, अख्ख्या टेबलाने एकच प्रकार घ्यायचा असतो कारण दोघांच्या प्लेटा एका वेळी बाहेर पडाव्या लागतात.

शाकाहारी माणसासाठी नुसतं 'व्हेज' म्हणून थांबू नका. सूप आणि सॉस मांसाच्या स्टॉकवर (मांस-हाडं उकळून काढलेल्या पाण्यावर) केलेले असू शकतात, थाई करी पेस्टमध्ये बहुधा आंबवलेल्या कोळंबीची पेस्ट असते, चायनीजमध्ये कालवांचा ऑयस्टर सॉस, पन्ना कोट्टा आणि मूससारख्या गोड पदार्थांत जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं जिलेटिन, ताज्या पास्त्यात अंडं, आणि अस्सल पार्मेजान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटवर (दूध विरजायच्या पाचक रसावर) बनतं. अंडं चालतं का, जिलेटिन चालतं का हे नाव घेऊन सांगा. तळणाचं तेल वेगळं असतं का तेही विचारा. जैन जेवण हवं असेल तर दोन दिवस आधी सांगा, कारण कांदा-लसूण-बटाटा काढला की मेन्यूतला पदार्थ उरतच नाही, नवीन करावा लागतो, आणि चांगलं स्वयंपाकघर तो आनंदाने करतं पण त्यांना वेळ पाहिजे. काही टेस्टिंग मेन्यूवाले जैन करतच नाहीत, ते स्पष्ट सांगतात, तेव्हा दुसरी जागा बघा.

ॲलर्जी असेल तर बुकिंगला सांगा आणि टेबलवर बसल्यावर परत सांगा, शिफ्ट बदललेली असते. शेंगदाणा, कोळंबी-कालवं यांच्या बाबतीत संकोच करू नका.

१२. कपडे काय घालायचे? साडी नेसली तर जास्त वाटेल का?

अजिबात नाही, साडी कुठल्याही फाइन डायनिंगला चालते आणि शोभते, पैठणी असो की साधी कॉटन. नियम बहुतेक पुरुषांनाच असतात: हाफ पॅन्ट, बनियनसारखे टीशर्ट आणि उघड्या चपला नकोत. कुर्ता-पायजम्यावर कोल्हापुरी घालणार असाल तर आधी विचारा, काही स्टार हॉटेलांत पुरुषांना बंद बूटच लागतात. आणि एसी खूप थंड असतो, शाल किंवा जॅकेट बरोबर ठेवा.

१३. एवढे काटे-चमचे असतात, कुठला कधी घ्यायचा? चुकलं तर?

बाहेरून आत यायचं. पहिल्या कोर्सला सगळ्यात बाहेरचे, पुढच्याला त्याच्या आतले. ब्रेडची प्लेट डाव्या हाताची आपली, ग्लास उजवीकडचे आपले. खाऊन झालं की काटा-सुरी प्लेटमध्ये शेजारी शेजारी ठेवा, म्हणजे त्यांना कळतं उचलायचं, आणि मधेच थांबला असाल तर तिरपे एकमेकांवर. नॅपकिन मांडीवर. चुकलं तर कोणी काही म्हणत नाही, चमचा कमी पडला तर ते नवीन आणून ठेवतात. खेकडा किंवा भारतीय रोटी हाताने खा, त्यात काहीही कमीपणा नाही.

१४. बसल्या बसल्या 'स्टिल की स्पार्कलिंग' (साधं पाणी की सोड्यासारखं बुडबुड्यांचं) विचारतात, मग बिलात पाण्याचे पाचशे रुपये लागतात. एमआरपीपेक्षा जास्त घेऊ शकतात का?

घेऊ शकतात. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलं की हॉटेल-रेस्टॉरंट बाटलीबंद पाणी एमआरपीपेक्षा जास्त किमतीला विकू शकतात, कारण तिथे नुसती बाटली विकली जात नाही, जागा आणि सेवाही असते. पण बाटली घ्यायची सक्ती नाही. 'रेग्युलर पाणी द्या' म्हणा, फिल्टरचं पाणी फुकट मिळतं. संकोचाने मान हलवू नका.

१५. वाइन कशी मागवायची? आणि ग्लासात थोडीशी ओतून थांबतात तेव्हा काय करायचं?

नाव उच्चारता येत नसेल तर यादीवर बोट ठेवा आणि बजेटच्या किमतीवर बोट ठेवून 'साधारण अशी' म्हणा, त्यांना बरोबर कळतं. पूर्ण बाटली ७५० मिलीची म्हणजे १५० मिलीचे पाच ग्लास, दोघांना जास्त होते, ग्लासवर घ्या. वाइनची ओळखच नसेल तर आपल्याकडच्यापासून सुरुवात करा, नाशिकची सुला, यॉर्क, सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळच्या मळ्यांमधली फ्रातेल्ली, या चांगल्या यादीत दिसतातच. घरचे सोलापूरकडचे किंवा नाशिकचे असाल तर द्राक्षांच्या गप्पाही निघतात.

थोडीशी ओततात ती वाइन खराब झालेली नाही ना हे बघायला. वास घ्या, ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर बूच बिघडलंय, बाटली बदलून देतात. वास ठीक असेल तर मान हलवा. आवडली नाही म्हणून परत करायची पद्धत नाही. स्वतःची बाटली न्यायची असेल तर 'कॉर्केज' (ती उघडून वाढायचे पैसे) किती ते विचारा, सगळे परवानगी देत नाहीत.

१६. ती २३ वर्षांची आहे, वाइन मिळेल का? आणि ड्राय डेला?

महाराष्ट्रात वाइन आणि माइल्ड बिअर २१ पासून, बाकी दारू २५ पासून. म्हणजे २३ ला वाइन हो, कॉकटेल नाही, आणि वयाचा पुरावा मागू शकतात म्हणून आधार किंवा लायसन्स बरोबर ठेवा. गोव्यात वय १८ आहे. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे ड्राय डे नक्की, अनंत चतुर्दशीला पण असतो, आणि निवडणूक असेल तर मतदान संपायच्या आधीचे ४८ तास. अशा दिवशी चांगल्या ठिकाणी दारूशिवायची पेयं फार विचार करून केलेली असतात, कोकम, कैरी, गवती चहा घालून, आणि दारू न पिणाऱ्या जोडीदारासाठी ती एरवीही मागवा.

१७. बजेट खरंच कमी आहे. पहिला पगार झालाय, पण तिला चांगल्या ठिकाणी न्यायचंय.

दुपारी जा. बऱ्याच ठिकाणी दुपारचा ठरलेला दोन-तीन कोर्सचा मेन्यू रात्रीपेक्षा बराच स्वस्त असतो, जागा तीच, शेफ तेच. आ ला कार्ट असेल तर दोन स्टार्टर, एक मेन, एक डेझर्ट दोघांत, असं मागवलं तर कोणी काही बोलत नाही, 'शेअर करतोय' सांगितलं तर स्वयंपाकघरातूनच दोन प्लेटांत वाटून येतं. स्टार हॉटेल टाळून स्वतंत्र रेस्टॉरंट घ्या, टॅक्सचा फरक चौथ्या प्रश्नात आहेच. कर्ज काढून किंवा क्रेडिट कार्डवर ईएमआय पाडून जाऊ नका, तिला कळलं तर तिला त्या जेवणाचा आनंद होणार नाही.

१८. तीन वर्षांचं पोर आहे, बरोबर नेलं तर चालेल?

आधी विचारा, काही ठिकाणी रात्री लहान मुलं घेत नाहीत. घेत असतील तरी टेस्टिंग मेन्यू टाळा, अडीच तास तीन वर्षांचं मूल बसत नाही आणि मग दोघांपैकी एकजण बाहेर फेऱ्या मारत राहतो, आणि बहुतेक वेळा जिचा वाढदिवस असतो तीच मारते. आजी-आजोबांकडे सोडता येत असेल तर तोच खरा वाढदिवस. नसेल तर दुपारी पहिलं टेबल घ्या आणि पोराला घरून खाऊ घालून न्या.

१९. वाढदिवसालाच प्रपोज करायचंय. अंगठी डेझर्टमध्ये लपवू का?

अन्नात अंगठी नको. गिळली जाते, दाताखाली येते, किंवा प्लेट उचलली जाऊन बेसिनमध्ये जाते. डबी मॅनेजरकडे देऊन झाकलेल्या प्लेटवर आणायला सांगा, नाहीतर सरळ खिशात ठेवा. आणि ती हो म्हणणार याची खात्री असेल तरच लोकांसमोर विचारा. खात्री नसेल तर नंतर चालत जाताना विचारा, म्हणजे नाही म्हणायची मोकळीक तिच्याकडे राहते आणि वाढदिवस पण तिचाच राहतो.

२०. आमचं लग्न झालेलं नाही / आम्ही दोघी मुली आहोत. रेस्टॉरंटमध्ये काही विचारतील का?

नाही. जेवायला नातं विचारत नाहीत, ओळखपत्र मागितलं तर फक्त वयासाठी. फोनवर 'माझ्या पार्टनरचा वाढदिवस आहे' एवढं म्हणा आणि नाव सांगा, म्हणजे 'मॅडम आणि सर' असं कोणी गृहीत धरत नाही. प्लेटवर काय लिहायचं तेही तुम्ही ठरवा, 'हॅपी बर्थडे' आणि नाव पुरतं, बाकीचं ज्यांना माहीत त्यांना माहीत.

२१. आम्ही परदेशात राहतो, तिथे काय वेगळं?

टिप सगळ्यात वेगळी. अमेरिकेत १८ ते २० टक्के द्यावीच लागते असं समजा. लंडनमध्ये बिलात बहुधा १२.५ टक्के सर्व्हिस चार्ज आधीच असतो, तो ऐच्छिक असतो पण लोक देतात, वर टिप नको. जपानमध्ये टिप देतच नाहीत. आणि तिथे राहून भारतीय चवीचंच पण फाइन डायनिंग हवं असेल तर आता खरंच मोठी नावं आहेत: लंडनचं जिमखाना, न्यूयॉर्कचं दाक्षिणात्य जेवणाचं सेम्मा, दुबईचं त्रेसिंद स्टुडिओ, ज्याला २०२५ मध्ये तीन मिशेलिन स्टार मिळाले. एखाद्या भारतीय रेस्टॉरंटला तीन स्टार मिळायची ती पहिलीच वेळ. अशा जागांचं बुकिंग मात्र कित्येक आठवडे आधी करावं लागतं.

२२. जेवण बिघडलं किंवा उशीर झाला तर वाढदिवसाच्या दिवशी बोलायचं कसं?

लगेच आणि हळू आवाजात. दोन घास खाऊन सांगितलं तर पदार्थ बदलून मिळतो, प्लेट रिकामी करून सांगितलं तर काही होत नाही. उठून मॅनेजरकडे जा, टेबलावर बोलावू नका. केक विसरले असतील तरी तेच, त्यांना दहा मिनिटं द्या, काहीतरी गोड ते नक्की करून आणतात.

२३. खरं सांगायचं तर त्याला असली ठिकाणं आवडतच नाहीत, छोट्या छोट्या प्लेटा बघून वैतागतो. पण मला न्यायचंय.

मग त्याच्या वाढदिवसाला नेऊ नका, तुमच्या वाढदिवसाला न्यायला सांगा. त्या दिवशी तो कुरकुर न करता बसेल. त्याच्या दिवशी जिथे तो दोन सोलकढी मागवून पापलेटच्या तुकड्यावर ताव मारतो तिथेच जा, फक्त आठव्या प्रश्नातलं काहीतरी तिथेही करा, चिठ्ठी तर कुठेही देता येते. त्या खानावळीत टेबल राखून ठेवत नसतील तर साडेसातच्या आत पोचा, आणि मोठं पापलेट आधी फोन करून सांगून ठेवा, आठनंतर संपतं.